उपग्रहाला वाळूची टेकडी का दिसत नाही?

गोव्यात पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे अशी लांबलचक पुळण आहे. मोरजीला शापोरा नदीच्या मुखापासून उत्तरेकडे चालू लागलं की उजव्या हाताला वाळूचे उंचवटे लागतात. कुठे कमरेएवढे, कुठे चांगले दोन पुरुष उंच. समुद्राकडच्या उतारावर मर्यादवेल पसरलेली असते, मधूनमधून रावणाच्या मिशा या गवताचे काटेरी गेंद, आणि मागे केवडा, सुरू, माड. चढायला लागलं की पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात. टेकडी आहे हे पायांना लगेच कळतं.

तिथेच उभं राहून मोबाइलवर उपग्रहचित्र उघडलं तेव्हा मला दिसलं ते एवढंच: निळा समुद्र, एक पांढुरका पट्टा आणि त्याला लागून हिरवळ. मी जिच्या माथ्यावर उभा होतो ती टेकडी चित्रात नव्हतीच.

याचं कारण साधं आहे. उपग्रहाचा कॅमेरा जमिनीवरून परतलेला प्रकाश मोजतो, म्हणजे ढोबळमानाने रंग मोजतो. टेकडीची वाळू आली कुठून? समोरच्याच पुळणीवरून. भरतीरेषेच्या वरची वाळू वाळते, वारा तिचे कण टुणटुण उडवत आत नेतो, वेलीत अडकून ते साचतात. दोन्हीकडची कोरडी वाळू एकच, मग रंग वेगळा कसा असणार?

त्यात चित्र ज्या चौकोनी ठिपक्यांनी (पिक्सेलनी) बनतं, तो एकेक चौकोन मोठा. २०१५ पासून काम करणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रह मालिकेची चित्रं फुकट मिळतात, पण त्यांतला लहानात लहान चौकोन १० मीटरचा. टेकड्यांची पहिली रांग २०-३० मीटर रुंद असेल तर ती दोन-तीन चौकोनांत संपली. सावलीवरून ओळखावं म्हटलं, तर उपग्रह येतो सकाळी साडेदहाच्या सुमारास. थंडीत तेव्हा आपल्याकडे सूर्य साधारण ४५ अंश वर असतो. चार मीटर उंचीच्या अगदी उभ्या कड्याचीसुद्धा सावली चारच मीटर पडेल, आणि वाळूचा उतार तर त्याहून बराच सौम्य असतो.

पहिला उपयोगी धागा मिळतो तो झाडोऱ्यातून. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. वाळू दोन्ही जवळपास सारखेच परतवते. या दोन मोजमापांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की वनस्पती निर्देशांक मिळतो. उघड्या वाळूसाठी तो शून्याच्या आसपास, माडांच्या दाट वाडीत ०.६ च्या पुढेही जातो. मर्यादवेल पसरते तीच मुळी विरळ, दोन फांद्यांमध्ये वाळू उघडी ठेवून, त्यामुळे तिचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. पुळण आणि वाडी यांच्यामधली ही मधल्या आकड्यांची चिंचोळी पट्टी म्हणजे टेकडीचा पहिला अंदाज. मात्र चित्र पावसाळा सरल्यावरचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं हवं. मे महिन्यात वेल सुकलेली असली की पट्टी पुसट होते.

दुसरा धागा काळाचा. पुळण एका जागी राहत नाही. पावसाळ्यात लाटा तिला ओरबाडतात, पुढे हिवाळ्यात ती पुन्हा भरते. अनेक वर्षांची चित्रं एकावर एक रचली की पाण्याची कड पुढे-मागे नाचताना दिसते, पण वेलीची कड त्या मानाने स्थिर राहते. टेकडी त्या स्थिर कडेच्या मागे.

एवढं करूनही हाती लागतो तो अंदाजच, कारण टेकडी ही मुळात रंगाची गोष्ट नाही, आकाराची आहे. माझं स्पष्ट मत असं की आपल्या किनाऱ्यावर सुरुवातच उंचीपासून करावी. पण उंची मिळवणंही सोपं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने जगातल्या बहुतेक भूभागाची उंची मोजली, पण तिची जाळी ३० मीटरची आणि चूक काही मीटरची, म्हणजे टेकडीच्याच उंचीएवढी! २००५ मध्ये सोडलेला आपला कार्टोसॅट-१ उपग्रह दोन कॅमेऱ्यांनी, माणसाच्या दोन डोळ्यांसारखा, खोली जोखायचा. सुरूच्या बनावर मात्र त्याला शेंड्यांचीच उंची मिळणार. ड्रोनच्या फोटोंचीही तीच अडचण.

इथे लायडार कामी येतो. विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरचे स्पंद खाली सोडायचे आणि परतायला लागलेला वेळ मोजायचा. वेळेत एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात १५ सेंटिमीटर. स्पंदाचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही पानांच्या फटींतून निसटून वाळूपर्यंत पोचतो. शेवटच्या परतीच्या खुणा तेवढ्या निवडल्या की झाडं जणू उचलून बाजूला ठेवल्यासारखी जमीन उघडी होते.

आता माथा सापडतो, पण टेकडी नेमकी सुरू कुठे होते? त्यासाठी एक सुरेख युक्ती आहे. किनाऱ्याचा उभा छेद काढायचा आणि माथ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत एक दोरी ताणली आहे असं समजायचं. जमीन या दोरीच्या खाली जिथे सर्वांत जास्त खोल जाते, तो टेकडीचा पायथा. किनाऱ्यावर दर काही मीटरला असा बिंदू काढून ते जोडले की पायथ्याची रेषा तयार.

ही रेषा नुसती अभ्यासकांच्या कामाची नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील गटात, सीआरझेड-१ए मध्ये येतात. नकाशात पायथा दहा मीटर आत सरकला, तर तेवढी टेकडी त्या गटाबाहेर राहते. माथ्यावरून ये-जा झाली की वेल मरते, उघड्या पडलेल्या वाळूत वारा शिरतो आणि टेकडी पोखरत नेतो. वरून पाहिलं तर तिथे घोड्याच्या नालासारखी, समुद्राकडे तोंड उघडं असलेली खिंड दिसते. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या लायडार नकाशांची वजाबाकी केली की खिंडीतून किती घनमीटर वाळू हलली ते आकड्यात मिळतं, आणि ती गेली कुठे तेही: मागच्या सुरूंच्या बुंध्यांशी साचलेल्या पंख्यासारख्या ढिगात.