शके १८०२ म्हणजे कोणते साल?

‘केसरी’चा पहिला अंक पुण्यात ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. पंचांगाप्रमाणे तेव्हा शके १८०२ चा पौष चालू होता. एखाद्या जुन्या ग्रंथालयाची सूची एक्सएमएलच्या, म्हणजे माहिती टॅग लावून लिहिण्याच्या पद्धतीच्या, एका रचनेतून दुसरीत नेताना कोणी ‘शकात ७८ मिळवा’ एवढाच नियम लिहिला, तर हा अंक १८८० सालात जाऊन बसतो. प्रोग्रॅम अडत नाही. नव्या फाइलची तपासणी करणारी स्कीमासुद्धा ती बिनतक्रार स्वीकारते, कारण चार आकडी साल हवे होते आणि ते मिळाले. स्कीमा आकार पाहते, खरेखोटे पाहत नाही.

एक्सएमएल १९९८ साली प्रमाण म्हणून आले. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती तो काय आहे हे सांगणारा टॅग लावायचा, ही त्यामागची कल्पना. टॅगला नाव काय द्यायचे हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणून एका सूचीत ‘कर्ता’ असतो, दुसरीत ‘लेखक’, आणि नाव बदलले की काम झाले असे वाटते. खरे काम त्यापुढे असते. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत बहुतेक वेळा ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनात ७९, आणि पौषात तिथी पाहून ठरवायचे. नोंदीत महिनाच नसेल तर? हे प्रोग्रॅमरने मनाने ठरवू नये असे मला ठामपणे वाटते. कुठला रकाना कुठे जाणार याचा तक्ता, म्हणजे मॅपिंग, ग्रंथपालाशेजारी बसूनच करायला हवा.

काही गोष्टी मुळात मावतच नाहीत. डब्लिन कोअर या सुटसुटीत रचनेत मूळचे फक्त १५ रकाने आहेत. अनुवादक, संपादक, चित्रकार हे सगळे तिथे ‘सहभागी’ या एकाच रकान्यात जातात. तीच फाइल उलट फिरवून मूळ रूपात आणायचा प्रयत्न केला, की कोण अनुवादक होते ते सांगता येत नाही. अशी जाऊन-येऊन फेरी ही फार उपयोगी चाचणी आहे. काय हरवते, ते ती हरवण्याआधीच दाखवते.

रूपांतरासाठी एक्सएसएलटी ही भाषा १९९९ पासून आहे. तिच्यातली एक सोय नवख्याला हमखास फसवते. एखाद्या टॅगसाठी नियमच लिहिला नसेल, तर भाषेचा अंगचा नियम लागू होतो: टॅग गळतो, आतला मजकूर तसाच पुढे जातो. ‘किंमत दीड रुपया’ ही नोंद मग शीर्षकाच्या शेपटीला चिकटलेली सापडते. याच्या उलटही घडते. मूळ फाइलमधले टॅग एखाद्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे कोणाचे टॅग ते ओळखू यावे म्हणून केलेल्या नावांच्या गटात, असतील आणि नियमात ती सांगायची राहिली, तर नियम कशालाच लागू पडत नाही. चूक झाल्याची सूचना दोन्ही वेळा येत नाही.

म्हणून चाचणीची उदाहरणे मुद्दाम वाकडी निवडायची. पौषातला अंक, आडनावाशिवाय टोपणनावाने लिहिणारा कवी, दोन भागांत एकच शीर्षक असलेला ग्रंथ. प्रत्येकाचे अपेक्षित उत्तर आधी हाताने लिहून ठेवायचे, मग प्रोग्रॅम चालवायचा. उत्तरे जुळवताना अक्षराला अक्षर लावू नये, कारण एक्सएमएलमध्ये अॅट्रिब्यूटांचा, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेल्या जादा माहितीचा, क्रम बदलला तरी अर्थ तोच राहतो. तुलना रचनेची करायची. एक्सस्पेकसारखी साधने याच कामासाठी आहेत, आणि नियमात जराही बदल केला की सगळी उदाहरणे पुन्हा चालवता येतात.

मराठीसाठी एक उदाहरण मी कधीच वगळणार नाही: कऱ्हा नदीचे नाव. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करणे, हेही त्यांना एक करत नाही. कोणते रूप ठेवायचे हे तक्त्यात लिहिले नाही, तर कऱ्हाकाठावरची निम्मी पुस्तके शोधणाऱ्याला सापडायचीच नाहीत.