सुटका झाल्यावरचे पहिले दहा दिवस

हाडं वर आलेल्या उपाशी घोड्याला एकदम पोटभर खायला घातलं, तर तो दगावू शकतो. आणि तेही लगेच नाही. तीन ते दहा दिवसांनी, 'चला, खायला लागला, आता सुधारेल' असं वाटत असताना. सुटका केलेल्या घोड्याला तात्पुरता आसरा द्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना सगळ्यात आधी हे कळायला हवं.

असे घोडे येतात कुठून? वरातीत रात्र रात्र बँडच्या दणक्यात उभे केलेले, मैदानांवर मुलांना पाठीवर घेऊन फेऱ्या मारणारे, बेकायदा शर्यतीत पळवलेले. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. त्या वेळी 'मग या घोड्यांचं करायचं काय' हा प्रश्न शहराला पहिल्यांदा ठळकपणे दिसला. मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे थोडी जमीन असलेल्या ठाणेकरांनी यातल्या एखाद्या घोड्याला काही महिने सांभाळलं, तर त्याचा जीव वाचू शकतो. फक्त ती माया घोड्याच्या शरीराला झेपेल अशी हवी.

उपासमारीत शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, मग चरबी, आणि शेवटी स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. या काळात पेशींमधले फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे साठे आटत जातात. रक्त तपासलं तर आकडे बऱ्याचदा ठीक दिसतात, आणि फसगत होते ती इथेच. अशा घोड्यासमोर कुणी प्रेमाने गूळ-चणे किंवा भरडा ठेवला की रक्तात साखर उसळते आणि तिच्यामागोमाग इन्शुलिन. इन्शुलिनच्या हुकमाने पेशी साखर आत ओढतात, आणि तिच्याबरोबर रक्तातली ही खनिजंही. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाचा ठोका चुकतो, श्वासाचे स्नायू थकतात. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं.

घोड्यांसाठी यातून वाट काढली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी. उपाशी घोड्यांना वेगवेगळे चारे देऊन त्यांनी तुलना केली. सगळ्यात सुरक्षित ठरला वाळवलेला लसूणघास (अल्फाल्फा). त्यात पिष्ट (स्टार्च) कमी, त्यामुळे इन्शुलिन फारसं उसळत नाही, आणि फॉस्फरस-मॅग्नेशियम मात्र चांगलं मिळतं. त्यांची पद्धत अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, म्हणजे दिवसरात्र मिळून सहा वेळा. रात्री दोन वाजताही उठायचं. पुढे हळूहळू प्रत्येक वेळचा चारा वाढवायचा आणि वेळा कमी करायच्या. दहा दिवसांनंतरच घोड्याला हवं तेवढं खाऊ द्यायचं. हे माप मोठ्या चणीच्या घोड्यांचं आहे. आपल्याकडचा लहान चणीचा घोडा असेल तर पशुवैद्य ते कमी करून देतील. पहिले दहा दिवस दाणा पूर्ण बंद. वजन भरून यायला त्यानंतर तीन ते पाच महिने सहज लागतात.

जंताचं औषधही पहिल्याच दिवशी घाईने पाजू नये. अशक्त आतड्यात एकदम मेलेल्या जंतांचा लोंढा सुटला तर पोटशूळ उठू शकतो. आधी शेण तपासून घ्यावं आणि केव्हा, किती हे पशुवैद्यांना ठरवू द्यावं.

दाण्याची भीती एवढ्यावर संपत नाही. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं. गवताचं खरं पचन होतं मागच्या मोठ्या आतड्यात, जिथे जिवाणू तंतू आंबवतात. हे आतडं म्हणजे अंगणातलं गोबरगॅस संयंत्रच: रोजचा माल थोडा थोडा पडत राहिला तर सुरळीत, एकदम भलतंच काही ओतलं तर आतलं सगळं बिघडतं. पिष्टाचा लोंढा तिथवर पोहोचला की आम्ल वाढतं, जिवाणू मरतात, त्यांची विषं रक्तात उतरतात. आणि मग दुखतं कुठे, तर खुरात. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात, सुटू लागतात. पोटाचं दुखणं पायात उतरून घोडा कायमचा लंगडा होतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

घोडा सुधारतोय की नाही, हे नजरेवर सोडू नये. एक साधा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,877, की किलोमध्ये अंदाजे वजन आलं. घेर 150 आणि लांबी 135 असेल तर सुमारे 256 किलो. त्याच्या जोडीला हात फिरवून पाहायचं: मान, खांदा, खांद्यामागचा उंचवटा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. टेक्सासच्या डॉन हेनेके यांनी 1983 मध्ये याच सहा जागांवरून 1 ते 9 अशी श्रेणी ठरवली. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे चरबीने लदलेला. बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, तो 5. केसांनी फसायला होतं, बोटांनी नाही.

आता आपल्या हवेचं. जून ते सप्टेंबर ठाण्यात दोन-अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो. चिखलात उभ्या घोड्याचं खूर मऊ पडतं, तळव्याचा त्रिकोणी मऊ भाग कुजून काळा पडतो आणि त्याला असा वास येतो की एकदा घेतला की विसरत नाही. म्हणून उंचवट्यावर मुरूम टाकून केलेली, पाणी न साचणारी कोरडी जागा ही चाऱ्याइतकीच आधी हवी. रोज प्रत्येक खूर उचलून साफ करायचं आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचं. पाऊस नसला की दमटपणा छळतो. घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा कितीतरी जास्त मीठ जातं, त्यामुळे पाण्याबरोबर मिठाचा खडाही ठेवावा लागतो. काही घोड्यांचा घामच दमट उष्म्यात बंद होतो. नाकपुड्या फुलवून धापा टाकतोय आणि कातडी मात्र कोरडी, असं दिसलं की त्याला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी मारत राहा आणि डॉक्टरांना फोन करा.

नवा घोडा पहिले तीन-चार आठवडे वेगळा बांधावा. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, आणि 2006 मध्ये त्याचा उद्रेक आपल्याच राज्यात, पुणे-पाचगणीकडे झाला होता. नाकातून चिकट स्राव, कातडीखाली गाठी आणि फुटलेल्या जखमा दिसल्या तर उघड्या हाताने शिवू नये. रक्ततपासणीची सोय हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा दुसरा रोग. त्याची तपासणीही तेव्हाच उरकून घ्यावी.

पण वेगळा म्हणजे एकटा नव्हे. घोडा पायांतले स्नायुबंध कुलूप लावल्यासारखे अडकवून उभ्याने डुलक्या घेतो, हे बहुतेकांना माहीत असतं. गाढ, स्वप्नांच्या झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावंच लागतं, दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तरी. भेदरलेला घोडा एकटा असताना आडवा होत नाही, कारण पहारा द्यायला कुणी नसतं. काही दिवसांनी उभ्या उभ्या झोप अनावर होते आणि तो गुडघ्यांवर कोसळतो. पुढच्या गुडघ्यांवर खरचटल्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर हे कारण आठवावं. थोड्या अंतरावर, नजरेच्या टप्प्यात दुसरा घोडा असला की बराच फरक पडतो. सकाळी पाठीला आणि कुशीला चिकटलेला पेंढा दिसला, की समजावं तो झोपला.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. पोलिसांनी क्रूरतेच्या गुन्ह्यात जप्त केलेला घोडा कागदोपत्री 'मुद्देमाल' असतो. 2017 च्या नियमांनुसार खटला चालू असताना त्याचा ताबा पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेसारख्या ठिकाणी जातो. त्यामुळे तुमच्या घरी तो येणार तो अशा संस्थेमार्फत, तिच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि निकालापर्यंत तो तुमचा नसतो. खटला लांबला तर मुक्कामही लांबतो. चांगली निगा राखली तर घोडा 25-30 वर्षं जगतो, हे डोक्यात ठेवूनच होकार द्यावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यालाही यात वाटा उचलता येतो. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. वर मोजलेल्या 256 किलोच्या घोड्याला दिवसाला चार-पाच किलो, म्हणजे महिन्याला साधारण सव्वाशे ते दीडशे किलो. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर हे भागत नाही, त्याने पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. चांगलं वाळलेलं गवत आणि लसूणघास विकतच आणावा लागतो. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एका घोड्याचा महिन्याचा चारा उचलला, आणि आणखी एका घराने नालबंदाचे पैसे दिले, तर मुरबाडला जमीन असलेल्या माणसाला हो म्हणणं खूप सोपं जाईल.