उपकारस्तुती म्हणजे रडू दाबणे नव्हे

‘संकटातही देवाचे उपकार मानायचे, म्हणून तक्रार करायची नाही, तक्रार म्हणजे अविश्वास,’ असे अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. पवित्र शास्त्राचा (बायबलचा) आधार याला नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र 13 पाहा, अवघी सहा वचने. पहिली दोन देवाला ‘कोठवर?’ असा जाब विचारतात, पुढची दोन मदत मागतात, शेवटची दोन भरवसा ठेवून गातात. प्रार्थनेतही हाच क्रम धरा: दुःख नाव घेऊन सांगा, नेमके काय हवे ते मागा, मग देवाने पूर्वी केलेला एखादा ठोस उपकार आठवून आभार माना. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे.

फिलिप्पै शहरातल्या तुरुंगात ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्या पौल व सीला यांनी मध्यरात्री स्तुतिगीते गायिली, हे सर्वांना ठाऊक असते. पण सकाळी, चौकशीविना आपल्याला, रोमी नागरिकांना, फटके मारल्याबद्दल पौलाने अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावले (प्रेषितांची कृत्ये 16:37). हा भाग उपदेशात फार क्वचित येतो, याची खंत वाटते.

मोठी चूक घडते ती शोकाच्या घरी. तिथे पहिल्याच दिवशी ‘आभार माना’ म्हटले की माणूस देवापासूनही दुःख लपवू लागतो. त्याच्याबरोबर आधी स्तोत्र 13 ची पहिली दोन वचनेच वाचा.