नव्या पिल्लाचं जेवण आणि खाऊ

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिल्याच दिवशी वाटीत दूध-पोळी कुस्करली जाते. त्यामागे मायाच असते. तरीही आमच्या सगळ्या ग्राहकांना कळकळीची विनंती आहे, की दूध-पोळीवर पिल्लू वाढवू नका. पोळीने पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं त्यातून पुरेशी मिळत नाहीत आणि कॅल्शियम तर फारच कमी पडतं. अशा खाण्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडं कमकुवत राहतात, पुढचे पाय वाकतात. दूध सोसत नाही, कारण आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते आणि जुलाब लागतात. दोन महिन्यांच्या जिवाला जुलाब लागले तर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. त्याच्यापुढे सतत भरलेलं असावं ते साधं पाणी.

पाकीट घेताना पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. पिल्लांसाठीचं ‘कम्प्लीट’ फूड हवं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं असेल तर ते जोडीला द्यायचं खाणं आहे, त्यावर पिल्लू वाढत नाही. ग्रेव्हीची बरीच पाउचं या प्रकारात मोडतात. कोरड्या फूडमध्ये प्रोटीन किमान २२ टक्के असावं. लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांच्यासाठी ‘लार्ज ब्रीड पपी’ घ्या आणि वरून कॅल्शियमचं सिरप मनाने सुरू करू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियमनेही हाडांचे आजार होतात. घर शाकाहारी असेल तर पिल्लांसाठीचं पूर्ण शाकाहारी फूड डॉक्टरांना विचारून निवडा. वरण-भातावर भागवू नका.

सुटं फूड आम्ही विकत नाही. स्वस्त पडतं म्हणून ग्राहक मागतात, पण उघड्या पोत्यातल्या दाण्यांना पावसाळ्यात ओल लागते, बुरशी धरते, आणि काही बुरशींचं विष थेट यकृतावर जातं. घरीसुद्धा दाणे मूळ पिशवीतच ठेवा आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. वास खवट आला की टाकून द्या, मन घट्ट करून.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा खायला द्या. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे दाणे वजनकाट्यावर मोजा, वाटीचा अंदाज चुकतो. बरगड्या बोटांना लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. फूड बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

आता खाऊ. दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त खाऊतून जाऊ नये. पाच किलोच्या, तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ७०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ७०. एका उकडलेल्या अंड्यात हा वाटा संपतो, तीन ग्लुकोज बिस्किटांतही संपतो, आणि बिस्किटात मैदा-साखरेपलीकडे फारसं काही नसतं. त्यापेक्षा बिनमिठाचं उकडलेलं चिकन, पनीर, गाजर, लाल भोपळा, बी काढलेलं सफरचंद यांचे नखाएवढे तुकडे करा. शिकवताना पिल्लाला तुकड्याचा आकार कळत नाही, मिळाल्याचा आनंद कळतो. दात येताना चघळायला काही देणार असाल तर त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटली नाही तर ते दातांसाठी फार कडक आहे. शिजवलेली हाडं मुळीच नकोत, त्यांच्या कपच्या घशात आणि आतड्यात घुसतात.

स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी पिल्लाला थेट विषारी आहेत. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि बेदाणे, कांदा, लसूण, शिवाय साखरविरहित च्युइंगममध्ये असणारं झायलिटॉल. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, कांदा-लसणीने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, चिवड्यात आणि लाडवातही. रश्श्यातला कांदा दिसत नाही, पण असतो. सणासुदीला पाहुणे प्रेमाने भरवतात, तेव्हा घरच्यांनी आधीच सांगून ठेवलेलं बरं. प्रसाद नाकारायला अवघड वाटतं, तरी सांगा.

यातलं काही पोटात गेलंच तर त्रास दिसण्याची वाट बघू नका, बेदाण्यांचा परिणाम दिसायला एक-दोन दिवसही लागतात. लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा. काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते सांगा, पाकीट असेल तर सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, त्या मिठानेच पिल्लू गंभीर होऊ शकतं.