तुळशी, विहार आणि पवई: तलावाचे भवितव्य काठाबाहेर ठरते

मुंबई महापालिकेच्या हद्दीतील तुळशी, विहार आणि पवई हे तीन तलाव एकाच डोंगररांगेच्या आश्रयाला आहेत. तिन्ही इंग्रजी अमदानीत शहराची तहान भागवण्यासाठी बांध घालून तयार केले गेले. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९० च्या सुमारास. तिघांवर बरसणारा मोसमी पाऊसही जवळपास सारखाच आहे. तरीही तुळशी आणि विहारचे पाणी शुद्ध करून आजही घरोघरी पुरवले जाते, तर पवईचे पाणी पिण्यायोग्य मानले जात नाही. ते आरे वसाहतीला आणि औद्योगिक वापरासाठी दिले जाते. या फरकाचे कारण प्रत्येक तलावाच्या पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या जमिनीवरचे पावसाचे पाणी उतरून तलावात येते त्या जमिनीत, शोधावे लागते.

तुळशी आणि विहार यांचा पाणलोट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. तिथे पावसाचा थेंब आधी झाडांच्या छत्रावर आणि मग पालापाचोळ्यावर पडतो, त्यामुळे त्याचा मार ओसरतो, माती जागची हलत नाही आणि बरेचसे पाणी जमिनीत मुरून सावकाश ओढ्यांना मिळते. वाटेत ते गाळलेही जाते. तुळशी भरून वाहू लागला की ते पाणी विहारमध्ये येते, आणि विहार व पवई यांच्या सांडव्यांवरून वाहणारे पाणी एकत्र येऊन मिठी नदी होते. म्हणजे २६ जुलै २००५ रोजी मुंबईला हादरवणाऱ्या त्या नदीचा उगमही याच तलावांशी जोडलेला आहे.

पवईच्या पाणलोटात मात्र गेल्या काही दशकांत उत्तुंग इमारती, रस्ते आणि दाट वस्त्या उभ्या राहिल्या. उघड्या पडलेल्या उतारांवरून गाळ आला आणि पर्जन्यजल वाहून नेण्यासाठी असलेल्या नाल्यांमधून सांडपाणी तलावात उतरू लागले. सांडपाण्यातील मैला आणि साबणाचे अंश यांमधून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात, आणि गोड्या पाण्यात वनस्पतींच्या वाढीला बहुधा फॉस्फरसच्या तुटवड्याचाच लगाम असतो. तो लगाम सुटला की शेवाळ आणि जलपर्णी झपाट्याने पसरतात. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल परिस्थितीत तिचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, हवेतील प्राणवायू पाण्यात नीट विरघळत नाही आणि कुजणाऱ्या पानांवर वाढणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. शेवाळाने भरलेल्या पाण्यात मासे बहुधा पहाटे मरतात, कारण रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असते आणि श्वसन चालूच राहते.

यंत्रे लावून जलपर्णी काढणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने तलाव सुधारत नाही. तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस लोहाच्या संयुगांना धरून असतो. तळाशी प्राणवायू संपला की ही बांधणी सुटते आणि तो पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणून नाले थांबवल्यानंतरही तलाव काही वर्षे आजारीच राहू शकतो, आणि नाले न थांबवता केलेली सफाई तर पुढच्याच हंगामात वाया जाते. आधी सांडपाणी मलनिस्सारण वाहिनीत वळवावे, मग गाळाकडे पाहावे, हा क्रम माझ्या मते बदलण्याजोगा नाही. काठाचे सुशोभीकरण यात कुठेच बसत नाही. पवईच्या काठी आखलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, हे योग्यच झाले. काठावरची उथळ, दलदलीची पट्टी पक्ष्यांचे आणि मगरींचे घर असते, आणि तिथली झाडोरा धरलेली माती तलावात येणारे पाणी गाळून घेते.

पाण्याची बचत आणि तलावांचे रक्षण हे विषय आपण वेगळे मानतो, पण नळाला आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे गृहीत धरूनच मलनिस्सारणाची आखणी होते. अर्थात घरात वाचलेली प्रत्येक बादली नाल्यावरचा भारही हलका करते. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळते. तुळशी आणि विहार यांची एकत्रित साठवण शहराला पाणी देणाऱ्या सातही तलावांच्या साठवणीच्या जेमतेम अडीच टक्के आहे. बाकीचे पाणी भातसा, तानसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांतून, ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतून येते. ज्या शहापूर तालुक्यात यातली मोठी धरणे आहेत, तिथल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. बागांना, शौचालयांना आणि बांधकामांना प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले, तर त्या खोऱ्यांवरचा ताण आणि पवईसारख्या तलावांत जाणारी घाण, दोन्ही कमी होतील. हे काम मोजायचे असेल, तर किती टन जलपर्णी काढली या आकड्याऐवजी प्रत्येक नाल्याच्या मुखाशी फॉस्फरस किती आणि तळाजवळ पहाटे विरघळलेला प्राणवायू किती, हे दर महिन्याला नोंदवून नागरिकांपुढे ठेवायला हवे.