बिनशंखी गोगलगायीची ओळख पटायला इतका वेळ का लागला?

मिरगाचा पाऊस लागला की कणकुंबी, जांबोटी, खानापूर या पट्ट्यात, आणि बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या परसांतही, कुंडीच्या बुडाशी किंवा ओल्या फरशीखाली बोटाएवढा चपटा, काळपट जीव सापडतो. शंख नसलेली ही गोगलगाय. बहुतेक घरांत तिच्यावर चिमूटभर मीठ पडतं आणि विषय संपतो. प्राणिशास्त्रानेही तिला बराच काळ बाजूलाच ठेवलं होतं. त्याचं कारण मात्र किळस नव्हे, शंखाचा सोस.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गोगलगायी जमवणारे बेन्सन मुलकी सेवेत होते, ब्लॅनफर्ड भूगर्भ खात्यात, तर गॉडविन-ऑस्टिन मोजणीच्या कामावर. मोकळा शंख वाळवून, चिठ्ठी लावून लंडनला धाडता येतो. बिनशंखीचं काय पाठवणार? स्पिरिटमध्ये ती आक्रसते, रंग उडतो आणि वेगवेगळ्या जाती सारख्याच दिसू लागतात. गॉडविन-ऑस्टिन यांनी शंखाच्या आतल्या मऊ देहाकडेही लक्ष दिलं, हे त्यांचं मोठेपण. पण तसे लोक थोडे.

आपल्या परसात दिसते ती बहुधा लेव्हिकॉलिस आल्टे. तिचं पहिलं नामकरण फ्रान्सच्या फेरुसाक यांनी 1822 मध्ये केलं, तेव्हा तिला वेगळ्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ठेवलं होतं. लेव्हिकॉलिस हे आजचं प्रजातिनाम जर्मनीच्या सिमरोथ यांनी 1913 मध्ये दिलं. योगायोग असा की त्याच वर्षी खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळाचं वर्णन थॉमस यांनी प्रसिद्ध केलं. वटवाघूळ आज भीमगड अभयारण्याची शान आहे. गोगलगायीची दखल इथे कोणी घेतली नाही. पुढे 1925 मध्ये हॉफमान यांनी आल्टे ज्यात मोडते त्या सगळ्या कुळावर मोठा प्रबंध लिहिला आणि 1953 मध्ये फोरकार्ट यांनी आफ्रिकेतल्या जातींची उजळणी केली. ही जात मूळची आफ्रिकेची असून माणसाबरोबर, रोपांच्या मुळांतल्या मातीबरोबर उष्ण प्रदेशांत पसरली, असं आज मानलं जातं.

एवढी उलथापालथ का झाली, ते अंग पाहिलं की कळतं. पाठीवर एकच चामड्यासारखं जाड आवरण, मधोमध अनेकदा फिकट रेघ. पूर्ण वाढलेली मादी-नर (दोन्ही एकाच देहात) पसरली की बारा सेंटिमीटरपर्यंत जाते. डिवचली तर पोटाकडे वळून गोळा होते. खालून पाहिलं तर सरपटण्याचं पाऊल म्हणजे अगदी अरुंद पट्टी: पिल्लात जेमतेम एक मिलिमीटर, मोठीत चार-पाच. वरच्या दोन शिंगांच्या टोकाला डोळे असतात, खालची दोन शिंगं टोकाशी दुभंगलेली. शंख बाहेर नाही, आतही नाही. बाजूला श्वासाचं भोक दिसत नाही. ती मुख्यतः ओल्या कातड्यातून श्वास घेते. मीठ या ओल्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते इतकं जिव्हारी लागतं. गुदद्वार थेट मागच्या टोकाला. बाकी बाहेरून ओळखण्यासारखं फार काही नाही. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे जात ठरवायला पोट फाडून जननेंद्रियांची ठेवण पाहावी लागते. शंखांच्या पेट्या चाळणाऱ्यांची पंचाईत झाली ती इथे.

सह्याद्रीची स्वतःची बिनशंखी वेगळी. मॅरिएला डुसुमिएरी, ग्रे यांनी 1855 मध्ये वर्णिलेली, फ्रेंच दर्यावर्दी व्यापारी डुसुमिए यांच्या नावाची. तिच्या पाठीवर ढालीसारखं आवरण असतं, त्याखाली शंखाचा उरलेला पातळ तुकडा, आणि उजव्या बाजूला श्वासाचं भोक स्पष्ट दिसतं. दोघींना घरात एकच नाव असलं तरी नातं लांबचं: एकीच्या पूर्वजांचा शंख आत शिल्लक आहे, दुसरीत त्याचा मागमूसही नाही.

अलीकडे आल्टेकडे लक्ष गेलं ते सौंदर्यामुळे नव्हे. उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या तिच्या अंगात वाढतात. 1935 मध्ये कँटनच्या उंदरांत प्रथम वर्णन झालेला हा जंत माणसात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून पावसाळ्यात कोथिंबीर, कोबी कच्ची खायची तर पानं सुटी करून वाहत्या पाण्यात धुवावीत, आणि परसातली बिनशंखी हातमोजा घालून किंवा काटकीने उचलावी.