भक्षक आणि भक्ष्य सूक्ष्मजीवांचे सहअस्तित्व

एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला खाऊन जगत असतानाही दोघांच्या पिढ्या एकाच पाण्यात दीर्घकाळ टिकून राहतात, त्या स्थितीला भक्षक-भक्ष्य सहअस्तित्व म्हणतात. ते सहजासहजी साधत नाही, हे रशियन जीवशास्त्रज्ञ गिओर्गी गाउजे यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले.

गाउजे यांनी पॅरामिशियम हा भक्ष्य आणि डिडिनियम हा भक्षक असे दोन आदिजीव, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, निवडले. पिंपाच्या आकाराच्या डिडिनियमच्या अंगाभोवती पक्ष्माभिकांची, म्हणजे पोहण्यास मदत करणाऱ्या केसांसारख्या बारीक तंतूंची, दोन कडी असतात आणि पुढच्या टोकाला शंकूसारखी सोंड असते. पोहता पोहता पॅरामिशियमला धडकताच ती त्याला चिकटते आणि तोंड ताणून डिडिनियम स्वतःहून मोठे सावजसुद्धा अख्खे गिळतो. गाळ नसलेल्या परीक्षानळीत डिडिनियमांनी सगळे पॅरामिशियम फस्त केले आणि नंतर ते स्वतःही उपासमारीने मेले. तळाशी गाळ ठेवल्यावर काही पॅरामिशियम त्यात लपून वाचले, पण भक्षक मात्र नष्ट झाले. ठरावीक दिवसांनी दोन्ही जातींचा एकेक जीव बाहेरून सोडला, तेव्हाच दोघांच्या संख्येत आळीपाळीने चढउतार होत राहिले. म्हणजेच, नुसता आसरा पुरेसा नव्हता.

बाहेरून भर न घालता हे साधले ते एल. एस. लकिनबिल या संशोधकांना, १९७३ साली. त्यांनी मिथिल सेल्युलोज घालून पाणी दाट केले; त्यामुळे दोन्ही जीवांचा वेग मंदावला, त्यांच्या गाठीभेटी कमी होऊ लागल्या आणि काही चढउतार होईपर्यंत दोघे तगले. शिवाय पॅरामिशियमचे खाद्य कमी केल्यावर हे सहअस्तित्व ३३ दिवस टिकले. येथील कारणमीमांसा विशेष महत्त्वाची आहे: खाद्य मुबलक असले की भक्ष्य बेसुमार वाढते, त्याच्या जोरावर भक्षकही वाढतात आणि अखेर सावजाचा पुरता फडशा पाडतात, खाद्य बेताचे असेल तर ही भरमसाट वाढच होत नाही.

भक्ष्याच्या उत्क्रांतीमुळेही हा समतोल साधतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एकेकटे जगणाऱ्या क्लोरेला या एकपेशीय शैवालात कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारा) भक्षक सोडल्यावर १०० पिढ्यांच्या आत पेशींचे पुंजके दिसू लागले आणि पुढे आठ पेशींचे पुंजके वरचढ ठरले. ते भक्षकाला गिळता येत नव्हते, तरीही प्रत्येक पेशीला पोषकद्रव्ये थेट मिळत होती. मातीत मात्र गाउजे यांच्या गाळासारखा आसरा जागोजागी असतो, कारण तिच्यातील अतिसूक्ष्म छिद्रांत जीवाणू शिरू शकतात, पण त्यांना खाणारे मोठे आदिजीव शिरू शकत नाहीत.